टाचआत्या आणि रिकामी चौकट

माझ्या नणंदेला घरातली पोरं टाचआत्या म्हणतात. तान्ह्या बाळांच्या टाचेतलं थेंबभर रक्त जाड कागदाच्या कार्डावर वाळवायचं आणि त्यातून जन्मजात आजार शोधायचे, यात तिची एकतीस वर्षं गेली. तिच्या खास अभ्यासाचा आजार एकच. काही बाळांना दुधातली साखर पचत नाही. आईचं दूधसुद्धा अंगात विषासारखं भिनतं. वेळेत कळलं तर दूध तोडायचं, सोयाची पावडर द्यायची, बाळ जगतं.

कार्डासोबतचा फॉर्म तिनेच बनवलेला. त्यात एक चौकट : बाळाला रक्त चढवलं आहे का? चढवलं असेल तर तपासणीत रक्त देणाऱ्याचं रक्त बोलतं आणि आजारी बाळही ठणठणीत दिसतं. चौकट कोरी आली की वॉर्डात फोन करायचा, हा नियमही तिचाच. नर्सबाई वैतागायच्या.

"मॅडम, कोरी म्हणजे नाही चढवलं!"

"कोरी म्हणजे कोरी, बाई. ऊठ आणि बघून सांग."

गेल्या वर्षी एकदाच तिने फोन केला नाही. शोधनिबंध पाठवायचा शेवटचा दिवस होता. रिपोर्ट गेला, नॉर्मल. दूध चालू राहिलं आणि बाराव्या दिवशी बाळ गेलं. जंतुसंसर्ग झाला, असं सगळे धरून चालले.

तीन महिन्यांपूर्वी जुने फॉर्म लावताना ती कोरी चौकट तिच्या नजरेस पडली. वॉर्डाची फाइल मागवली, तर कार्डाच्या दोन दिवस आधी रक्त चढवलेलं. जपून ठेवलेल्या त्याच कार्डावर तिने जनुकाची तपासणी केली; ही चढवलेल्या रक्ताने फसत नाही. आजार होताच.

मी भाजी निवडत होते. ती समोर येऊन बसली, दोन शेंगा उगाच मोडल्या.

"वहिनी, त्या बाळाच्या आईला पुन्हा दिवस गेलेत. आठवा लागलाय. चारात एक धोका असतो गं. सांगायलाच हवं."

"नोकरीचं काय?"

"जाऊ दे खड्ड्यात."

मीही सोबत गेले. ती बाई पलंगावर धुतलेली झबली घडी करत होती. टाचआत्याने काही राखून ठेवलं नाही. चूक माझी, फोन मी केला नाही, हे दोनदा म्हणाली.

बाईच्या हातातलं झबलं तसंच राहिलं. "तोंड फिरवायचा तो. मीच जबरदस्तीनं पाजत होते."

"तुमचा काही दोष नाही हो. या वेळी जन्मल्याबरोबर मला फोन करा. तपासणी होईपर्यंत दूध द्यायचं नाही."

नवरा दारात उभा होता. "तेव्हाचा कागदही तुमचाच होता ना? मग आजचा खरा कशावरून? या तुम्ही."

जिना उतरताना तिने कठडा सोडला नाही.

बाळंतपणाची तारीख उलटून नऊ दिवस झाले. तिच्या दवाखान्यात त्या बाईचं नावच नोंदलेलं नाही. बाकीचे दवाखाने तिला माहिती देत नाहीत. त्यांच्या घराला कुलूप आहे, फोन बंद आहे. ही राजीनामा देऊन माझ्या स्वयंपाकघरात बसलेली असते, मोबाइल पुढ्यात.

आज सकाळी चहा निवून साय धरली, तेव्हा म्हणाली, "वहिनी, आतापर्यंत पाजलं असेल ना गं तिनं?"

मी नळ मोठा सोडला आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.