टकल्याचा उरलेला चढ

खतिजाआपा गेली, हे तिच्या सुनेने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत होते, आणि फोन ठेवल्यावरही निवडतच राहिले. जुडी संपली तेव्हा कुठे रडू आलं. सून बिचारी भली आहे. म्हणाली, "काकू, अम्मी शेवटपर्यंत जिना चढायच्या. डॉक्टर ओरडायचे, पण ऐकतंय कोण! कधी गच्चीपर्यंत जायच्या, तर कधी शेवटच्या वळणावरूनच मागे फिरायच्या. चार पायऱ्या उरलेल्या असायच्या हो... का फिरायच्या, ते कधी बोलल्या नाहीत." का ते मला माहीत आहे. आता बहुधा मला एकटीलाच माहीत असेल, म्हणून हे लिहायला घेतलं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन पुण्याहून थेट कुवेतला गेले. आमचे हे एका कंत्राटी कंपनीत ड्राफ्ट्समन. शहरातल्या मिरकाब भागात चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारची भिंत. आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आणि मी आमच्या खोलीत. ह्यांचा स्वभाव काळजीचा. नवखा मुलूख, बायको तरुण, भाषेचा गंध नाही, म्हणून सकाळी कामावर जाताना हे बाहेरून कुलूप लावून जात. त्यात दुष्टपणा अजिबात नव्हता, हे मी आजही सांगेन. पण काळजीचं असलं तरी कुलूप ते कुलूपच. दुपारी पंख्याखाली पडून मी भिंतीवरचे पोपडे बघत असे आणि पुण्याला लिहीत असे की मी मजेत आहे.

अशाच एका दुपारी दाराबाहेरून आवाज आला. "सुदाबाय, जिती हायस ना गो?" वरच्या मजल्यावरची खतिजाआपा. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, रत्नागिरीकडची, वडील गलबत हाकणारे तांडेल. तिचे यजमान दाऊदभाई आमच्याच कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. त्या दिवसापासून ती रोज माझ्या दाराबाहेर पायरीवर बसून शिवण शिवायची आणि मी आतून दाराला पाठ टेकून बोलायचे. तिचा चेहरा नीट पाहायच्या आधी मला तिचं कासारी गाव आणि तिच्या तिन्ही नणंदा तोंडपाठ झाल्या होत्या. शेवटी एका शुक्रवारी ती ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "भाऊ, आग लागली तर चावी काय ऑफिसातनं फेकनार हाव?" हे कान खाजवत राहिले. दुसऱ्या दिवसापासून एक चावी आपाकडे राहू लागली.

आपा एका स्कॉटिश इंजिनिअरच्या घरी पडदे आणि मुलांचे कपडे शिवायला जायची. कंपनीची गाडी न्यायची आणि आणून सोडायची. त्याच्या बायकोला, म्हणजे मॅडमला, डोंगर चढायचं वेड, आणि कुवेतात तर रस्त्यावरचा उंचवटादेखील शोधावा लागे! मग ती बाई संध्याकाळी आपल्या मुलखाचा नकाशा टेबलावर पसरायची आणि बोटाने चढायची. एकदा तिने आपाला जवळ बोलावलं. आपाने लहानपणापासून वडिलांचे समुद्राचे नकाशे पाहिलेले, त्यांतले आकडे म्हणजे पाण्याची खोली, वावांत मोजलेली. इथेही वेड्यावाकड्या रेघा आणि आकडेच. ते बघून ती घाबरून म्हणाली, "मॅडम, हितं जाव नका. हितं लई खोल हाय, शेकड्यानं वाव!" बोट ठेवलं होतं डोंगराच्या माथ्यावर. मॅडम हसून हसून खुर्चीत बसली आणि मग तिने आपाला डोंगर वाचायला शिकवलं. रेघा दाटीने आल्या की छातीवरचा चढ, लांब लांब गेल्या की मऊ उतार. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सगळ्यांत उंच डोंगराच्या नादी लागू नये. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत यावं लागत नाही, ती वाट मजेची. आणि माथा कितीही जवळ असला तरी धुकं उतरलं की मागे फिरायचं. हे सगळं आपा मला जिन्यात बसून सांगायची, आणि मी उघड्या दारात बसून ऐकायचे.

पुढच्या उन्हाळ्यात ते कुटुंब सुट्टीवर स्कॉटलंडला निघालं तेव्हा मुलांना सांभाळायला आपाला बरोबर नेलं. दाऊदभाई आठवडाभर नाही म्हणत होते, पण साहेबाने कंपनीत शब्द टाकला आणि कपाटातला पासपोर्ट निघाला. जाताना आपाने माझी चावी ह्यांच्या हातात परत दिली. दुसरं कोण होतं? तो उन्हाळा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. दाराबाहेर आवाज नाही, खिडकीच्या फटीतून आलेली धूळ भांड्यांवर बसायची, आणि मी भिंतीवरच्या पोपड्यांत डोंगर शोधायचे. मला तिचा हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू, रागच यायचा.

ती परत आली ती मात्र वाळून. मी अधाशासारखी विचारत सुटले आणि ती नुसती चहा ढवळत बसली. "तुज्यासारखीच होतंय गो थय," ती म्हणाली. तिथे पाऊस, रोज पाऊस. मॅडम सकाळी बूट चढवून डोंगरावर, आणि आपा मुलांपाशी, स्वयंपाकघरात, ओले मोजे शेगडीपाशी वाळवत. खिडकीतून समोर एकच डोंगर दिसायचा. त्याच्यावर एक झाड नाही म्हणून तिने त्याचं नाव टकल्या ठेवलं. खरं नाव आम्हा दोघींच्याही जिभेवर कधी बसलं नाही. टकल्या रोज समोर, आणि तिला अंगणाच्या फाटकापलीकडे जायला सवड नाही. अगदी शेवटी, निघायच्या आदल्या दिवशी, मॅडमला लाज वाटली असावी. मुलं शेजारणीकडे ठेवून ती आपाला घेऊन निघाली. मेंढ्यांची वाट, मग ओढा, मग गुडघाभर झुडपं, मग नुसते दगड. साडी खोचून, मॅडमचे जुने बूट घालून आपा चढली. माथ्यावरची दगडांची रास दिसायला लागली... आणि धुकं उतरलं. मॅडम थांबली. आपाकडे पाहिलं. नियम तिनेच शिकवलेला होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? फिरलो मागं. बापानंसुद्दा बंदर समोर दिसत असताना गलबत मागं फिरवला हाय. रडू आला पण. वाटभर रडलंय."

पुढच्या वर्षी पुन्हा नेऊ, असं मॅडमने कबूल केलं होतं आणि तो नकाशाही आपाला दिला होता. त्या भरवशावर आपाने तयारी सुरू केली. कुवेतात डोंगर नाही, पण आमच्या इमारतीला जिना होता. रोज हे कामावर गेले की ती माझं कुलूप काढायची आणि आम्ही नकाशातली एक एक वाट चढायला लागायचो. रेघा मोजून तिने ठरवलेलं असायचं, कुठल्या डोंगराला जिन्याच्या किती खेपा. तळमजल्यावर मेंढ्या, पहिल्या मजल्यावर ओढा. ओढ्यात चपला हातात घ्यायच्या, हा दंडक. एका दुपारी हे अचानक लवकर घरी आले. बघतात तर बायको घामाघूम, पदर खोचलेला, हातात चपला! "काय चाललंय काय हे?" आपा शांतपणे म्हणाली, "वढा वलांडतंय भाऊ. जरा बाजूला व्हा, पान्यात उबे हाव." आणि आमचे हे, ज्यांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं, ते खरोखरच एक पायरी बाजूला झाले.  दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप खिळ्याला लटकलेलं होतं. ते पुन्हा दाराला कधी लागलं नाही.

पण साहेबाची बदली झाली. मॅडम सामान बांधून कायमची गेली, आणि आपाचा पासपोर्ट पुन्हा कपाटात जाऊन बसला. तिने जिना सोडला नाही. सगळे डोंगर आम्ही गच्चीपर्यंत चढायचो आणि वर कठड्याला टेकून समुद्राकडचा वारा खायचो. फक्त टकल्याची पाळी आली की ती शेवटच्या वळणावर थांबायची आणि मागे फिरायची. गच्चीचं दार सताड उघडं, ऊन पायरीवर आलेलं. मी एकदा चिडून म्हटलं, "आपा, हा जिना आहे. इथे कुठलं आलंय धुकं? चढ ना!"

"जितवर पाय लागलाय तितवरच माजा," ती म्हणाली. "वरचा रायला तो रायला. खोटा कशाला चढू?"

मला ते तेव्हा पटलं नाही. एका माणसाच्या आयुष्यात एवढासा चढ मिळू नये, याचा मला संताप यायचा. तो अजूनही येतो. साठच्या दशकाच्या अखेरीस आम्ही कायमचे पुण्याला परतलो तेव्हा तिने तो नकाशा माझ्या पेटीत, साड्यांच्या घडीत घातला. म्हणाली, मला पाठ झालाय. ती गावी परतली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. मग फोन व्हायचे, आणि त्यात पहिला प्रश्न ठरलेला, आज कुठला चढलीस?

नकाशा माझ्या कपाटात आहे. घड्यांवर विरला आहे, आणि टकल्यावर आपाने काढलेली पेन्सिलीची रेघ माथ्याच्या जरा अलीकडे थांबते. फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या सोसायटीच्या जिन्याने निघाले. गुडघे कुरकुरत होते. पहिल्या मजल्यावर चपला हातात घेतल्या. शेवटच्या वळणाशी पोचले तेव्हा वरून कपडे वाळत घालून शेजारची मुलगी उतरत होती. मला थांबलेली बघून तिला वाटलं, मी दमले.

"काकू, या ना वर. दार उघडंच आहे."

"माहीत आहे गं," मी म्हटलं, आणि जिना उतरायला लागले.