डावीकडची चीर

रफूवालीच्या तोंडी लागू नये, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शर्टाची कॉलर उलटवून घ्यायला कुणी आलं की ती कॉलर बोटांत धरून विचारायची, "मान आहे की खवणी?" पँट मागून उसवलेली असली तर म्हणायची, "कापडाचा काही दोष नाही, जेवण आवरा." तरी लोक यायचेच. तिने रफू केलेली जागा शोधायला कापड उजेडात न्यावं लागे, आणि तरी ती सापडेलच असं नाही. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि रिळांनी भरलेली भिंत. घर वरच्या मजल्यावर.

नवरा धान्यबाजारात वजनकाट्यावर होता. त्याला सगळे काटेवाला म्हणत. दाणाभर इकडचा तिकडे नाही, अशी त्याची ख्याती, आणि बोलणंही तसंच मोजकं. दोघांच्या वाटणीचं ही एकटी बोलून घ्यायची.

रफूवालीकडे आणखी एक काम होतं आणि त्याची मजुरी ती घेत नसे. ती यहुदी होती. तिच्या लोकांत जवळचं माणूस गेलं की दफनाच्या आधी अंगावरचं कापड छातीपाशी फाडायचं असतं. बायकांसाठी पहिली चीर द्यायला दफनभूमीच्या दारात रफूवाली कात्री घेऊन उभी राहायची. आई किंवा बाप गेला असेल तर डावीकडे, काळजावर. ती चीर जन्मभर ठेवायची. फार तर धावदोरा घालायचा, पण नीट शिवायची नाही. बाकी कुणीही गेलं, नवरा, भाऊ, पोटचं पोर, तर उजवीकडे. आणि ती चीर महिना झाला की चांगली शिवून टाकायला मुभा. फाडताना चार शब्द म्हणायचे असतात, "धन्य तो खरा न्यायाधीश." रडून घसा बसलेल्या बायकांना हे शब्द रफूवाली हळूच सांगायची आणि त्या तिच्यामागून म्हणायच्या. वर्षानुवर्षं तिने हे केलं, आणि नियम कुणी केला, का केला, हे एकदाही विचारलं नाही.

तिची स्वतःची आई गेली तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. पिकलं पान ते. रफूवालीने डावीकडे फाडलं, शब्द म्हटले, रडली आणि महिन्याभराने त्या ड्रेसवर धावदोरा घालून तो कपाटात टांगला.

मग लेक गेली.

लेक सव्वीस वर्षांची. लहानपणी गोल, बुटकी आणि सारखी हरवायची म्हणून आईने तिला बटण म्हणायला सुरुवात केली, ते नाव मोठेपणीही चिकटलं. चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढायची. आईच्या नाकावरचा चष्मा तिनेच बनवलेला. आधी ताप आला, मग दुखणं रक्तातलं निघालं, मग हॉस्पिटल. त्या चार महिन्यांत रफूवालीने इतकी स्तोत्रं वाचली की जिभेला घट्टे पडायचे बाकी राहिले. भांडकुदळ बाई ती, पण देवापुढे गोगलगाय झाली. मी कमी बोलेन म्हणाली, कुणाला टोचून बोलणार नाही म्हणाली, माझे डोळे घे, हात घे म्हणाली. त्याने यातलं काहीच घेतलं नाही. घ्यायचं तेच घेतलं.

दफनभूमीच्या दारात त्या दिवशी तिने दुसऱ्या कुणाला कात्री लावू दिली नाही. स्वतःच चीर दिली, आणि डावीकडे दिली.

शेजारी उभे असलेले धर्मगुरू, रब्बी, हळूच म्हणाले, "बाई, उजवीकडे."

"काळीज कुठे असतं ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

आणि शब्द? ते तिने म्हटलेच नाहीत. ओठ शिवल्यासारखे मिटून उभी राहिली. काटेवाल्याने मात्र नियमाप्रमाणे जॅकेट उजवीकडे फाडलं आणि शब्द म्हटले, तेही इतके खणखणीत की मागे उभ्या असलेल्यांना ऐकू गेले. एरवी ज्याला भाजीवाल्याला हाक मारायची तर दोनदा खाकरावं लागतं, तो माणूस. तिला त्या आवाजाचा राग आला. आणि तो पुढे उतरला नाही.

ती लेकीच्या खोलीत झोपायला लागली. नवऱ्याशी कामापुरतं बोलायची, त्याचे कपडे धुणं सोडलं. तो आपले आपण धुऊन गच्चीत टाकायचा. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरातल्या बाईने दिवे लावायचे असतात, तेही तिने लावले नाहीत. त्याने लावले. आणि रोज सकाळ-संध्याकाळ, फाटक्या जॅकेटला पिन लावून तो प्रार्थनाघरात जायचा. ज्याने पोरीला नेलं त्याच्याच दारात दिवसातून दोनदा सलाम ठोकायला जातो, असं ती मनात म्हणायची. एकदा तोंडावरही म्हणाली. तो बूट घालून निघून गेला.

नणंद डबा घेऊन यायची. बाई मनाने वाईट नव्हती, पण एक दिवस म्हणाली, "देवाने तिला आपल्याजवळ बोलावून घेतलं गं."

"का? त्याच्याकडे माणसं कमी पडली होती?"

"असं बोलू नये. तुझा विश्वास उडाला का?"

"विश्वास कशाला उडेल? तो आहे, चांगला धडधाकट आहे. मी त्याच्याशी अबोला धरलाय. आणि डब्यात मीठ जास्त झालंय."

महिना भरत आला तसे रब्बी दुकानात आले. हातात बाहीचं अस्तर सुटलेला कोट होता, पण अस्तराचं निमित्त ते, हे तिला कळलं. ती खाली मान घालून टाके घालत राहिली.

"बाई," रब्बी म्हणाले, "शोकाला हद्द आखून दिली आहे ती माणसाच्या भल्यासाठी. आता ती चीर शिवून घ्या."

"माझी आई अठ्ठ्याऐंशीची होऊन गेली. तिची चीर जन्मभर ठेवायची. माझी पोर सव्वीसची गेली, तिची महिन्याभरात रफू. हा कुठला न्याय?"

रब्बी म्हणाले, "मला वाटतं, आईबाप गेले की पोरं हळूहळू विसरतात. म्हणून ती चीर ठेवायची. आईबाप पोराला विसरत नाहीत. तिथे आठवणीला चीर लागत नाही."

सुई थांबली. बोलणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिचा संताप आणखी भडकला.

"म्हणजे हे सगळं त्याला कळतं," ती म्हणाली. "आईबाप विसरत नाहीत हे कळतं, त्यांना महिन्याभराने उभं करायला हवं हेही कळतं. एवढं कळतं तर नेली कशाला? कळत नसतं तर मी माफ केलं असतं." तिने दोरा तोडला आणि कोट टेबलावर आपटला. "घ्या. आणि अस्तर जपा, कापड विरलंय."

रब्बींनी अस्तर चाचपून पाहिलं. कोट घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटेवाला जिना उतरून दुकानात आला. काउंटरवर जॅकेट ठेवलं.

"महिना झाला," तो म्हणाला. "एवढं शिवून दे."

ती जॅकेटकडे बघत राहिली. उजव्या बाजूला चीर होती आणि पिन लावून लावून कडेला भोकं पडली होती.

"झालं तुमचं?" तिने विचारलं. "फिटलं दुःख? घातली टीप आणि मोकळे?"

"तसं नाही."

"मग कसं? काट्यावर बसता ना तुम्ही? मग सांगा मला. एका पारड्यात अठ्ठ्याऐंशीची म्हातारी, दुसऱ्यात सव्वीसची पोर. कुठलं पारडं खाली जातं? डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण, हे ज्याने ठरवलं त्याचा काटा मारलेला आहे, आणि तुम्ही त्यालाच खणखणीत आवाजात खरा न्यायाधीश म्हणून आलात. मी गावभराचं शिवीन. हे शिवणार नाही. आणि पुन्हा हे माझ्यापुढे आणलंत तर मी बटणचं सामान भरून बहिणीकडे जाईन, परत यायची नाही. सांगून ठेवते."

ती उगाच धमकी देणारी बाई नव्हती. काटेवाल्याला ते माहीत होतं. त्याने जॅकेट उचललं, काउंटरवरून एक सुई आणि काळ्या दोऱ्याचं रीळ घेतलं आणि जिना चढून गेला.

दुपारी तिला बारीक काजं करायची होती आणि चष्मा वर राहिला होता. ती वर गेली. काटेवाला त्या दिवशी कामावर गेलाच नव्हता. खिडकीशी खुर्ची ओढून, मांडीवर जॅकेट घेऊन टाके घालत बसला होता. अंगात नुसता शर्ट. तो दचकला आणि जॅकेट छातीशी धरलं. पण तिने पाहिलं होतं.

"ते खाली घ्या," ती म्हणाली.

त्याने जॅकेट खाली घेतलं.

दफनाच्या दिवशी जॅकेटच्या आत होता तोच निळा शर्ट. डावीकडे फाटलेला, खांद्यापासून खिशापर्यंत. तिने जवळ जाऊन ती कड बोटांत धरली. आयुष्य कापडात गेलं होतं तिचं. खिळ्यात अडकून फाटलेलं वेगळं, जुनं होऊन विरलेलं वेगळं. इथे कात्री लागलीच नव्हती. दुहेरी शिवण मधोमध तुटली होती, दोरे ओरबाडल्यासारखे बाहेर आले होते, आणि खिशाच्या कोपऱ्याचं कापडच उपटून आलं होतं. असलं कापड चीर दिल्याशिवाय हाताने फाटत नाही. फाडायला माणूस पिसाळलेला असावा लागतो.

"कधी?" तिने विचारलं.

"त्याच दिवशी. घरी आल्यावर, न्हाणीघरात. तू बटणच्या खोलीत होतीस."

"आणि तेव्हापासून रोज हाच घालता? आतून?"

"प्रार्थनाघरात जाताना. धुतो मधून मधून."

महिनाभर एका घरात राहून तिने या माणसाकडे नीट पाहिलंच नव्हतं. याची तिला लाज वाटली आणि लाजेचाही राग आला.

"आणि ते शब्द? सगळ्यांसमोर म्हणालात ते?"

"म्हणालो. ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणालो." काटेवाल्याने सुई जॅकेटात टोचून ठेवली. "तो न्यायाधीश नाही म्हटलं तर दाद कुणाकडे मागू? आहेस ना न्यायाधीश, मग ऐक म्हणावं. रोज जातो ते त्याचसाठी. पुस्तक उघडून धरतो, ओठ हलवतो. लोकांना वाटतं, भक्ती चाललीय."

"आणि चाललेलं काय असतं?"

"भांडण. मला तुझ्यासारखं बोलता येत नाही. रोज तेच तेच बोलतो. का नेलीस, एवढंच. संध्याकाळी पुन्हा तेच."

ती पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, "मग जॅकेट कशाला शिवायचं होतं?"

"पिन निघाली की पुढची बाजू लोंबते, आतलं दिसतं. रब्बींनी पाहिलं तर समजूत घालायला येतील." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला समजूत नकोय."

तेव्हा ती रडली. महिन्याभरात पहिल्यांदा त्याच्यासमोर रडली. मग ओढणीने नाक पुसलं, त्याच्या मांडीवरून जॅकेट ओढलं आणि त्याने घातलेले टाके पाहिले.

"हे टाके आहेत की मुंग्यांची रांग?" ती म्हणाली आणि सगळे उसवायला लागली.

"शर्टाला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"कोण लावतंय?"

तिने खिडकीशी बसून जॅकेट शिवलं. पिनांची भोकं बुजवली, कापडातलाच धागा काढून विणीला वीण मिळवली, इस्त्री फिरवली. चीर कुठे होती ते आता काटेवाल्यालाही दाखवता आलं नसतं. देवाचा नियम होता तो, आणि तिने तो टाक्याटाक्याने पाळला. मग कपाटातून स्वतःचा ड्रेस काढला, बटणच्या वेळी डावीकडे फाडलेला. त्यावर तिने धावदोरासुद्धा घातला नाही.

"उद्या मीही येते," ती म्हणाली. "तुम्हाला बोलता येत नाही म्हणालात ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं प्रार्थनाघरात गेली. त्याचं जॅकेट गळ्यापर्यंत बंद, तिचा कोटही गळ्यापर्यंत बंद. तो पुरुषांच्या बाजूला गेला, ती बायकांच्या. रब्बींनी वळून पाहिलं, जॅकेटची उजवी बाजू पाहिली, आणि त्यांच्या जिवाला बरं वाटलं. नणंदेने शेजारणीच्या कानात सांगितलं, सावरली हो दोघं.

प्रार्थना संपली तेव्हा रफूवालीने तोंड उघडलं आणि महिनाभर राहिलेले शब्द म्हटले. पुटपुटली नाही. गल्लीत उभं राहून एखाद्याला घराबाहेर बोलवावं, तशा आवाजात म्हणाली. "धन्य तो खरा न्यायाधीश."

लोक आमेन म्हणाले आणि खाली बसले. ती बसली नाही. तिने पलीकडे पाहिलं तर काटेवालाही उभाच होता, दाद मागायला आल्यासारखा.