पानाखालचा एकटा शब्द

अब्बासभाई पुस्तक वाचायचे नाहीत, ऐकायचे. नवं पुस्तक हातात आलं की त्याचं एक पान कानाशी नेऊन हलकेच हलवायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

"ऐक, कसा बोलतो," ते म्हणाले. "चिंध्यांचा कागद हाय. साडेतीनशे वर्षं झाली, आवाज बसला नाय. तुझ्या प्रिंटरचा कागद मुका."

दापोलीकडचा हा बाइंडर तीस वर्षं रियाधमध्ये एका हौशी शेखची पुस्तकं बांधत होता. रियाधच्या अल सुलै भागातल्या त्याच्या गोदामात एका बाजूला शेखच्या धंद्याच्या टायरांच्या थप्प्या, दुसऱ्या बाजूला सतराव्या शतकात हॉलंडमधल्या एका विद्यापीठाच्या छापखान्यात छापलेली लॅटिन-अरबी पुस्तकं. ती स्कॅन करायला मला पुण्याहून आणलं होतं. खरं सांगायचं तर माझं मशीन आलं म्हणूनच अब्बासभाईंच्या हातात फायनल एक्झिटचा, म्हणजे नोकरी संपवून कायमचं मायदेशी परतायचा, कागद पडला. आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, सरळच म्हणाला, फोटो निघाल्यावर पुस्तकं कपाटात राहणार, मग बांधायची कशाला?

ते जायला आठ दिवस उरले असताना माझ्या हातून घात झाला. जुन्या पुस्तकाबद्दल त्यांनी बजावलं होतं, "म्हाताऱ्याला पाठीवर झोपवू नको, उशी दे." मी घाईत एक अरबी व्याकरण स्कॅनरवर सपाट दाबलं. पुस्तकाची पाठ काडकन मोडली, उचलायला गेलो तर दीडशे पानं फरशीवर. त्यात कुणा जुन्या बाइंडरनं वरची कड इतकी छाटलेली की पानांचे आकडेच उडालेले. गुरुवारी शेख पाहुण्यांना नेमकं तेच पुस्तक दाखवणार होता. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या शेखकडेच, बायको-मुलगी महिन्यापूर्वीच आलेल्या.

"मुदीरला सांगतो आणि सामान बांधायला घेतो," मी म्हणालो.

"सामान मी बांधतोय. तू गप बस." ते उकिडवे बसले, एक पान उचललं. "खाली बघ. कोपऱ्यात."

ओळी संपल्यावर तळाशी एक शब्द एकटाच छापला होता. पुढच्या पानाचा पहिला शब्द तोच. पानं क्रमानं लागावीत म्हणून जुन्या छापखान्यांनी केलेली ही सोय.

"पानानं जाताना पुढच्याचं नाव सांगून जायचा, असा तेंचा कायदा," अब्बासभाई म्हणाले. "माणसं पण एवढं करत नाय."

पाच दिवस आम्ही फरशीवर पानं लावत बसलो. त्यांना लॅटिन ओ की ठो येत नव्हतं. मी एकेक अक्षर वाचायचो, तोवर त्यांची चार पानं लागलेली असायची. "वाचतोस कशाला? सोयरीक जुळवायचीय. नाक-डोळं बघ." नातवंडांसाठीची त्यांची सगळी खरेदी त्यात राहिली. मला फार लाज वाटत होती. शेवटी बोललोच, "अब्बासभाई, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली, आणि तुम्ही माझी वाचवताय?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नोकरी तुझ्या मशीननं खाल्ली. पुस्तकानं माझा काय वाकडा केला? यल्ला, दोरा दे."

बुधवारी दुपारी पुस्तक शिवून झालं. मला वाटलं, सुटलो. तर म्हणाले, "आता जा, मुदीरला सांगून ये. मोडलेलं सांगायला जीभ अडते. जोडलेलं सांगायला कसली भीती?"

गेलो. मुदीर लालबुंद झाला, भरपूर ओरडला. मग पानन् पान उलटून पाहिलं आणि पुस्तक मिटून म्हणाला, "खलास." म्हणजे झालं, विषय संपला. त्या एका शब्दावर माझा संसार रियाधमध्ये टिकला.

शुक्रवारी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. "संपलं म्हणायचं तुमचं रियाध," मी म्हणालो.

"रियाध संपला. मी कुठं संपलो?" त्यांनी एक्झिटच्या कागदाची झेरॉक्स काढून दाखवली. शिक्क्याच्या खाली, कोपऱ्यात, पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता: दुकान.

दापोलीकडच्या त्या दुकानात मी नंतर दोनदा जाऊन आलो. कुराण, पोथ्या, ग्रामपंचायतीची दप्तरं, बांधायला आलेली सगळी एका फळीवर. अब्बासभाई आता नाहीत.

त्या शुक्रवारनंतर चार वर्षांनी माझ्याही पुढ्यात तसाच एक्झिटचा कागद आला. सही करायला मुदीरनं पेन पुढे केलं. मी म्हटलं, एक मिनिट, आधी पेन्सिल द्या.