छातीवरची गाठ

मानवतला आमच्या घरी बजी जातीचा एक छोटा हिरवा पोपट आहे. त्याला सगळं लागतं ते सासूबाईंच्या हातचं. दुपारी त्या सूर्यफुलाच्या बिया सोलून भरवायच्या, अन् तो त्यांच्या खांद्यावर बसून खायचा. गुटगुटीत झाला होता. आम्हाला त्याचं कौतुकच वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात मी पिंजरा धूत होते, पोपट सासूबाईंच्या हातात होता. एकदम त्या ओरडल्या, "अगं, हे काय लागायलंय?"

मी बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. छातीच्या पिसांखाली बोराएवढी गाठ होती. एवढासा जीव, त्याची निम्मी छाती गाठीनंच भरलेली.

"जाईल आपोआप," नवरा म्हणाला.

सासूबाई त्याच्यावर उखडल्या. "गाठ हाय ती! गाठीला टाळाटाळ करायची न्हाई. आजच न्या परभणीला."

खोक्याला भोकं पाडून, त्यात पोपट घालून आम्ही दोघी एसटीनं निघालो. सासूबाईंनी खोका मांडीवरून हलवला नाही. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ओल्या कापसानं छातीची पिसं बाजूला सारली, तशी कातडीखाली पिवळसर गाठ दिसली. बारीक सुई टोचून त्यांनी थेंबभर काढलं आणि काचपट्टीवर पसरलं. ते तेलासारखं चमकत राहिलं, वाळेना. मग रंग लावून त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.

"चरबीची गाठ आहे," त्या म्हणाल्या. "कॅन्सर नाही. बिया हळूहळू बंद करा. राळ्याचे दाणे, मेथी, कोथिंबीर द्या. खोलीत उडू द्या. दर आठवड्याला वजन करा. गाठ वाढली किंवा तिथं जखम झाली, तरच ऑपरेशन. एवढ्या लहान जिवाला भूल देणं जोखमीचं असतं."

मी हसलेसुद्धा. सासूबाई मात्र काचपट्टीकडं बघत होत्या.

"डॉक्टर, चरबीची गाठ मऊच लागती का?"

"बहुतेक मऊ असते. पण नुसत्या हातानं खात्री होत नाही, आजी."

"मंग माझी कडक हाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. सासूबाईंनी पदरावरूनच डाव्या छातीवर हात ठेवला.

"आत्या, कधीपासून?" मी सासूबाईंना विचारलं.

"थंडी पडायच्या आधीपासून."

"अन् सांगितलं न्हाई?"

"दुखत न्हवती. काय सांगायचं?"

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "आजी, माणसांच्या डॉक्टरकडं आजच जा. उद्यावर टाकू नका." त्यांनी स्वतःच मोठ्या दवाखान्यात फोन लावला. मी रोज त्यांची वेणी घालते. एका ओट्यावर आम्ही दोघी भाकरी करतो. पाखराच्या पिसाखालचं ज्यांच्या हाताला लागलं, त्यांनी स्वतःचं एवढं पदराखाली वागवलं, आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

त्याच दुपारी तपासणी झाली. पुढच्या आठवड्यात अहवाल आला. ती चरबी नव्हती. नवरा अहवाल हातात धरून दारातच उभा राहिला, आत येईना. सासूबाईच म्हणाल्या, "आत ये, ऊन लागंल."

नांदेडला ऑपरेशन झालं. त्यानंतरची औषधं अजून चालू आहेत. केस गेले, तोंडाची चव गेली. डॉक्टर म्हणतात, वेळेत आलात. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं.

पोपटाची गाठ निम्म्यावर आली आहे, पुरती गेलेली नाही. तो आता पडद्याच्या दांडीपर्यंत उडतो. सासूबाई खाटेवरून म्हणतात, "बघ, बघ, पोचला." मी पोपटाकडं बघतच नाही, त्यांच्याकडं बघत राहते.