परातीत थरथरलेलं अंडं

कोमट पाण्यात हात घातला की मला आमची कराडजवळची पडवी आठवते. महायुद्धाचे दिवस होते. मुंगसाने आमची बदकं मारली, तेव्हा उरलेली सहा अंडी आईने खुडूक कोंबडीखाली ठेवली. पंचविसावा दिवस उजाडला तरी एकही फुटलं नाही.

“एकवीस दिवस कवाच झालं. नासली समदी,” म्हणत मी अंडी उकिरड्यावर टाकायला टोपली उचलली.

“आरं पंडिता, कोंबडीचं गणित बदकाला लावतोस व्हय? त्याला अठ्ठावीस लागत्यात,” आत्या हसली. तिने परातीतल्या कोमट पाण्यात अंडी अलगद सोडली. पाणी स्थिर झालं, आणि एक अंडं आपोआप थरथरलं. मग दुसरं.

आईने पदराने आधी अंडी टिपली, मग डोळे.

पुढे पदवी मिळाली तेव्हाही मी इतका मोकळा श्वास घेतला नाही.