तारेखालून दिलेलं ताट

हे लिहावं की नाही, अजून ठरत नाही.

आमच्या कंधारकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात कडब्याची कोप, एका दिवसापुरती झोपडी, उभी करतात, आत पांडवांचे पाच दगड मांडून पुजतात, आणि मग वाटेनं जाणाऱ्याला, ओळख असो नसो, हाक मारून मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे अन् ताकातली आंबील वाढतात. त्या दिवशी शेतावरून कुणी उपाशी जात नाही.

त्या वर्षी दादा परदेशात, शांतिसेनेच्या तळावर होता. मी लातूरहून सुट्टी घेऊन आले होते. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली, त्यामुळं माझं म्हणणं घरात जरा जास्तच ऐकतात. कोपीतूनच त्याला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं तळ दाखवला: पत्र्याचे कंटेनर, मातीच्या पोत्यांची भिंत, काटेरी तार.

"आमचीबी कोपच हाय ही. हुकूम आला की गुंडाळायची," तो हसला. तिथल्या स्वयंपाक्याच्या मागं लागून त्यानं भज्जी करून घेतली होती. तारेपलीकडं लढाईतून पळून आलेली माणसं प्लास्टिकखाली राहत होती. एक बाई तारेजवळ उभी होती.

"दादा, तिला दे की. येळवस हाय."

"तारेतून काई द्यायचं न्हाई. हुकूम हाय तसा."

"फौजेत गेला अन् रीत इसरला का?"

आई हसली. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आपलं भज्जीचं ताट तारेखालून सरकवलं. दिवसभर मला माझाच अभिमान वाटत होता.

पुढच्या येळवशीला दादा घरी होता. आई रीतीप्रमाणं रानात आंबील शिंपडायला गेली होती. कोपीत आम्ही दोघंच. मी सहज विचारलं, "ती बाई परत आली होती का रे?"

"दुसऱ्याच दिवशी. संगं लई माणसं, भांडी घेऊन. तार हलाय लागली. सायब म्हणले, हटवा." तो उंडा मोडत होता. "काठ्या घेऊन भाईर निघालो. समदे पळाले. ती न्हाई पळाली."

"का?"

"मला वळखत हुती ना. हसली. ताट पुढं केलं."

मी आंबिलीचा तांब्या खाली ठेवला.

"हातावर हाणली काठी. तिला वाटलं, चुकून लागली. परत हात पुढं केला. मग परत हाणली."

"दादा, मी उगीच तेव्हा..."

"रडू नको. भज्जी गार व्हायलीय."

वाटेनं एक अनोळखी माणूस सायकल ढकलत येत होता. आई रानातूनच ओरडली, "अरं, बोलवा की त्यास्नी!"

दादा उठला नाही. "तूच बोलाव," तो म्हणाला. "बोलवायची हौस तुला. हाणाय मी हाय."

मी कोपीच्या तोंडाशी उभी राहिले. तो माणूस आमच्या बांधापाशी येऊन थबकला. रीत त्यालाही ठाऊक होती. मी हाक मारली नाही. त्यानं जरा वाट बघितली, मग मान खाली घालून सायकल पुढं ढकलत निघून गेला.