राजीनामा आणि जिलेबी

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानाही हा विषय मी शिताफीने टाळत आले. देवाला ठाऊक असणारच, मग आपण कशाला काढायचा — असा माझा हिशेब. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि आता सत्तरी उलटली. अजून किती दिवस पोटात ठेवायचं?

सुरुवात कुठून करू? वृंदापासूनच करावी लागेल.

मी दिल्लीतच जन्मले, दिल्लीतच वाढले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. लग्नही दिल्लीतल्याच मराठी सरकारी नोकराशी झालं, त्यामुळे सरकारी क्वार्टर सुटलं नाही. दोन खोल्या, चुन्याच्या भिंती, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारच्या ब्लॉकची भिंत. त्या भिंतीवरचे ओलीचे डाग मला पाठ होते. दिल्लीतल्या द्वारकेत एका गृहनिर्माण सोसायटीचे आम्ही सभासद होतो. तेव्हा तिथे नुसता माळ होता. दरवर्षी सोसायटीची सभा व्हायची, समोसे यायचे, आणि घर पुढच्या वर्षावर जायचं.

वृंदा माझ्याहून दहा वर्षांनी लहान. नव्वदीच्या दशकात तिच्या नवऱ्याला, श्रीकांतला, एका परदेशी कंपनीत नोकरी लागली आणि ती दोघं लहान मुलीला घेऊन पुण्याहून आली. आमच्या क्वार्टरांमागच्या गल्लीत एका पंजाबी बाईंकडे वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात ती मला भेटली आणि मला चिकटलीच. भाजी कुठून आणायची, गॅसवाल्याशी कसं बोलायचं, थंडीत रजईला ऊन कधी दाखवायचं — सगळं तिला मी शिकवलं. खरं सांगू? मला ते आवडायचं. कुणीतरी आपल्याला विचारतंय, ही मोठी गोड गोष्ट असते.

तिची हिंदी म्हणजे करमणूक होती. एकदा तिने घरमालकिणीला मोठ्या ठसक्यात सांगितलं, आज मैंने बेटी को बहुत शिक्षा दी. मालकीणबाई खूश. वा, इतक्या लहानपणापासून शिक्षण! वृंदा गोंधळून माझ्याकडे आली आणि मी तिला समजावलं, की बाई, इथे शिक्षा म्हणजे शिक्षण. तू दिलीस ती सजा. आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तेव्हापासून ती मला ‘माझी डिक्शनरी’ म्हणायची. कुठलाही हिंदी शब्द अडला की पदर खोचून माझ्या दारात हजर.

हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

दोन वर्षं — फक्त दोन वर्षं झाली होती तिला दिल्लीत येऊन — आणि एक दिवस ती म्हणाली, ताई, आम्ही घर घेतोय. गुडगावला.

तेव्हा गुडगावला गुडगावच म्हणत आणि सेक्टरांच्या रस्त्यांपलीकडे मोहरीची शेतं दिसत. ती मला रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा करत घर दाखवायला घेऊन गेली. तीन मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर एकच घर. तळमजल्यावर मालक राहणार, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. वृंदाचा मजला सगळ्यात वरचा, आणि त्याच्या डोक्यावरची गच्चीही तिचीच. नव्या रंगाचा वास. पिस्ता रंगाच्या फरशा लावलेलं न्हाणीघर. स्वयंपाकघराला ही एवढी मोठी सरकती खिडकी आणि खिडकीबाहेर — काही नाही. नुसतं आभाळ. ती खिडकी मी उघडली, लावली, परत उघडली. इतकी अलगद सरकत होती. वृंदा हसून म्हणाली, ताई, मोडशील. मीही हसले. आतून माझं काय होत होतं, ते काय सांगू?

मग तिने मला गच्चीवर नेलं. तिला खरी हवी होती ती गच्ची. तिचे वडील, अण्णा, पुण्यात एकटेच राहायचे. आई गेलेली. त्यांना गुलाबांचा नाद. मुलीकडे चला म्हटलं की म्हणायचे, तुझ्या त्या डबीत माझी झाडं कुठे ठेवू? आता गच्ची आहे म्हटल्यावर ते तयार झाले होते. त्यांनी कलमंसुद्धा करायला घेतली होती. वृंदा मला हात करून दाखवत होती — इथे अण्णांच्या कुंड्या, इथे सईची सायकल, आणि या कोपऱ्यात, सावलीत, ताई, तुझी खुर्ची.

माझी खुर्ची. तिच्या गच्चीवर मला एक खुर्ची! त्या बिचारीने प्रेमाने म्हटलं, आणि मला वाटलं, हिने मला दान दिलं. कालची आलेली पोर. भेंडी कशी निवडायची ते माझ्याकडून शिकलेली. आणि मी वीस वर्षं त्या भिंतीकडे बघत पोळ्या लाटतेय. मत्सर म्हणतात तो हाच ना? मला वाटायचं, मत्सर दुष्ट लोकांना होतो. तो चांगल्या, मदतीला धावणाऱ्या, हळदीकुंकवाला सगळ्यांत आधी पोचणाऱ्या बायकांनाही होतो.

घरी आल्यावर मी तिच्याशी नेहमीसारखीच वागले. जास्तच गोड वागले म्हणा ना.

व्यवहार अडला तो गच्चीवरूनच. बयाणा देऊन झाला होता, श्रीकांत कंपनीच्या ट्रेनिंगसाठी तीन महिने जर्मनीला गेला होता, आणि सुभेदारसाहेबांनी पलटी खाल्ली. गच्ची मी ठेवणार, तुम्हाला फक्त कपडे वाळवायला. वृंदा गप्प बसणारी नव्हती. तिच्या त्या हिंदीत तिने त्यांना काय काय ऐकवलं देव जाणे, पण सुभेदार चिडले आणि बोलणं बंद झालं. मध्ये प्रॉपर्टी डीलर होता, चोप्रा नावाचा. तो म्हणाला, थांबा, मी समजावतो त्यांना.

आठवडाभराने, बुधवारी दुपारी, वृंदा चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. चेहरा लालबुंद. चोप्राने घरमालकिणीकडे ठेवलेली, घाईघाईत खरडलेली चिठ्ठी. मला अजून शब्दन् शब्द आठवतो. ‘मालिक से बात हो गई. इतवार को आकर राजीनामा लिख दें तो बात ख़त्म. वरना उनके पास और पार्टी है.’

तुम्ही मराठी आहात. तुम्ही काय वाचलंत? तेच वृंदाने वाचलं. मालकाने दुसरं गिऱ्हाईक बघितलंय, आणि आता हिनेच येऊन लिहून द्यायचं की मला घर नको.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगते. ते दिल्लीच्या कोर्टात कारकून होते. कधी कधी संध्याकाळी ते घरी येताना जिलेबीचा पुडा आणायचे. आई विचारायची, आज काय? ते म्हणायचे, दोन भावांचा राजीनामा झाला. बारा वर्षं भांडत होते, आज सह्या करून गळ्यात पडले. इथे राजीनामा म्हणजे तडजोड. भांडण मिटल्याचा कागद. दोघंही राजी झाले म्हणून राजीनामा. एकदा सांगलीची आत्या आलेली असताना वडील असंच काही म्हणाले, आणि नोकरी सोडली की काय म्हणून आत्या रडायलाच लागली. आमच्या घरात हा किस्सा वर्षानुवर्षं चालला. म्हणजे हा शब्द मला — कसं सांगू — मला हा शब्द जिलेबीच्या चवीसकट माहीत होता.

चिठ्ठी वाचल्याबरोबर मला कळलं, की सुभेदार राजी झाले. गच्ची वृंदाची. रविवारी जाऊन सही केली की झालं.

मी चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचली. वेळ काढत होते. आणि वृंदाने — मूर्ख नव्हती हो ती — तिने मला नेमकं तेच विचारलं. म्हणाली,

“ताई, हे ‘शिक्षा’सारखं नाही ना काही? इथे अर्थ वेगळा असेल?”

किती सोपं करून दिलं होतं तिने माझ्यासाठी! नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. मी गॅसकडे तोंड केलं, दुधाखालची आच कमी केली आणि म्हणाले,

“नाही गं. राजीनामा म्हणजे राजीनामाच.”

हेच ते. एवढंच वाक्य. मी ठरवून बोलले का? नाही. चुकून बोलले का? तेही नाही. बोलताना माझा आवाज स्वच्छ होता आणि दूध उतू गेलं नाही.

तिने त्याच दिवशी श्रीकांतला जर्मनीला फोन लावला. तोही पुण्याचाच. तो म्हणाला, राजीनामा? मुळीच द्यायचा नाही. तिथे पाऊलसुद्धा टाकू नकोस. झालं. मला पुढे काही करायची गरजच नव्हती.

पण मी केलं. तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर हे अर्धंच सांगणं होईल. रविवारी मी तिला आणि सईला जेवायला बोलावलं. एकटी घरी बसून डोकं फिरवून घेशील, म्हटलं. श्रीखंड केलं होतं. संध्याकाळपर्यंत तिला सोडलं नाही. मला भीती होती की ही आली नाही म्हटल्यावर चोप्रा स्वतः तिच्या घरी येईल. आणि तो आलाही. दोनदा येऊन गेला, घरमालकिणीने नंतर सांगितलं. वृंदा म्हणाली, बघ, राजीनाम्यासाठी किती जीव चाललाय मेल्याचा. आणि मी मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात बयाणा परत आला आणि घर दुसऱ्यांना गेलं. नंतर भाव असे काही पळाले, की श्रीकांत आणि वृंदा त्यांच्या मागे धावत राहिली आणि कधी गाठू शकली नाहीत. भाड्याची घरं बदलली — मला आठवतात तेवढी सहा. कुठेच गच्ची नव्हती. अण्णांना कळवलं तेव्हा त्यांनी एवढंच लिहिलं, की कलमं शेजाऱ्यांना देऊन टाकली. ते आले नाहीत. चार वर्षांनी पुण्यात, एकटे असतानाच गेले. वृंदाला गाडी मिळून ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिला स्टेशनवर सोडायला मी गेले होते. तिच्या हातात दशम्यांचा डबा मीच दिला.

मैत्री? ती वाढलीच. लोक म्हणायचे, सख्ख्या बहिणी असाव्यात तशा. मी तिच्यासाठी खूप केलं. पण ते मोजून दाखवायला मी इथे आलेली नाही.

आमचं द्वारकेचं घर शेवटी झालं. चार मजली इमारत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. सरकत्या खिडक्या मी हट्टाने लावून घेतल्या. वास्तुशांतीला वृंदा पहाटेपासून राबली, पुरणाचा घाट सगळा तिचा. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, ताई, किती छान हवा येते गं. तिच्या आवाजात काहीही नव्हतं. मी कान देऊन ऐकलं होतं. मत्सराचा एक कण जरी सापडला असता ना, तरी मला बरं वाटलं असतं.

आणि मग काही वर्षांपूर्वीचा तो दसरा. वृंदा, श्रीकांत आणि सई आमच्याकडे जेवायला होती. सई आता वकील. दिल्लीत वाढलेली, तिचं मराठी असंतसंच. जेवताना घरांच्या किमतींवरून बोलणं निघालं आणि वृंदाने तिची ठरलेली गोष्ट सांगितली. ती गोष्ट तिने शंभर वेळा सांगितली असेल, दर वेळी मान ताठ करून. घर गेलं तर गेलं, पण मी राजीनामा काही लिहून दिला नाही.

सईचा घास हातातच राहिला. म्हणाली, “आई, पण राज़ीनामा म्हणजे तर समझौता. कोर्टात रोज होतात. ते तुला घर देत होते यार.”

श्रीकांत पाण्याच्या पेल्याकडे बघत होता. वृंदाने हळूच मान वळवली ती माझ्याकडे. डिक्शनरीकडे. तीस वर्षं झाली असतील जवळजवळ, पण सवय तीच.

देवाने मला दुसरी संधी दिली होती, ताटात वाढून. आणि मी काय म्हणाले?

“असेल बाई. मला तरी कुठे माहीत होतं.”

वृंदा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने डावा हात पुढे केला आणि माझ्या मनगटावर ठेवला. माझीच समजूत घालत होती ती. म्हणाली,

“तुला कशाला वाईट वाटायला हवं, ताई? तुला माहीत असतं तर तू सांगितलंच असतंस.”

आणि मला म्हणाली, वरण वाढ.

मी वाढलं. ती अजून दर रविवारी फोन करते. मला माहीत होतं. वडील जिलेबी आणायचे तेव्हापासून मला माहीत होतं.